विहारातलं नववं पातेलं

ती केस आठवली की मला आजही हसू येतं, आणि जराशी लाजही वाटते.

नव्वदच्या दशकात मी बारामतीला फौजदार होते. पणदऱ्याच्या बुद्धविहारातलं एक मोठं तांब्याचं पातेलं चोरीला गेल्याची तक्रार आली. फिर्यादी तात्या विहाराची भांडी सांभाळत. पातेलं त्यांनीच आईच्या स्मरणार्थ दिलेलं, काठाखाली तिचं नाव कोरलेलं.

दोन दिवसांत खबर मिळाली, पातेलं डाळजच्या एका आचाऱ्याकडे आहे. पंच घेऊन गेलो. पातेलं चुलीशेजारीच होतं, नावासकट. पंचनामा, जप्ती, अटक. केस उलगडली म्हणून मी खूश.

चौकशीत आचारी एकच धरून बसला. "पातेलं माझंच हाय, बाईसाहेब. वडलांचं."

"मग नाव दुसऱ्याचं कसं?"

"मला कुठं वाचाय येतंय?"

उत्तर मला बनेल वाटलं. त्याच्या मुलीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. अटकेची बातमी कळताच मुलाकडच्यांनी निरोप धाडला होता, आधी ह्याचा निकाल लागू द्या.

सकाळी त्याला कोर्टात हजर करायचं होतं. त्याआधीच एक नवी वकीलबाई ठाण्यात आली. गरिबांच्या केसेस विनामूल्य चालवण्यासाठी एक संस्था नव्या वकिलांना फेलोशिप देई, त्यातली ती. आमचे हवालदार पुटपुटले, "फी न घेणारी वकील म्हणजे अजून शिकतेय."

तिने ते ऐकलं. "शिकतेच आहे, काका. म्हणून विचारते. ह्यांच्या घरी काय सापडलं ते पंचनाम्यात आहे. ह्यांचं स्वतःचं पातेलं कुठं गेलं?"

मी आचाऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "माझ्याकडं एकच हाय. मागल्या महिन्यात पणदऱ्याच्या विहारात जेवणावळ हुती, तितं नेलं हुतं. भांडी बायांनी घासली, मी उचलून आणलं."

जीप काढली. विहाराच्या खोलीत पातेली एकात एक पालथी रचलेली होती.

"तात्या, मोजली होती का?"

"त्यात मोजायचं काय? नऊ हुती, आईचं दिसंना, म्हंजी एक गेलं, आठ राहिली."

मोजली. नऊ भरली. सगळ्यात खालच्या पातेल्याची काजळी हवालदारांनी राखेने घासली, तेव्हा काठाखाली आचाऱ्याच्या वडिलांचं नाव उमटलं.

तात्या खालीच बसले. "भल्या माणसाला चोर केला की मी. आता त्याच्याम्होरं जाऊ कसा?"

"पातेलं घेऊन जावा," हवालदार म्हणाले.

आरोपीविरुद्ध पुरावा नाही असा कलम १६९ चा अहवाल मी दिला आणि आचारी सुटला. मुलाकडच्यांच्या घरी तात्या स्वतः गेले, माझी चूक झाली म्हणून सांगून आले. मुद्देमाल परत मिळवण्याचा अर्ज वकीलबाईंनी लिहिला, तो त्यांचा पहिलाच.

लग्नात दोन्ही पातेली चुलाणावर शेजारी शेजारी होती. भात वाढायला तात्या. फेलोशिपच्या नियमाप्रमाणे वकीलबाईंना फी घेता येत नव्हती. आचाऱ्याने जिलेबीवर जिलेबी वाढली. त्याला नियम आड आला नाही. हवालदारही म्हणाले, "वाढा अजून, शिकून झालंय त्यांचं."

सापडलेल्या वस्तूचा पंचनामा मला प्रशिक्षणात शिकवला होता. आरोपीचंही काही हरवलं असेल, हे मला त्या वकीलबाईंनी शिकवलं. पुढे निवृत्तीपर्यंत प्रत्येक चोरीत मी तो प्रश्न आधी विचारला.