सहाचे तुकडे

गिरणी बंद झाल्यावर बाबा लालबागच्या एका मंडपवाल्याकडे कामाला लागले. खुर्च्या लावणं हे त्यांचं काम, आणि अर्धवट रांग म्हणजे त्यांच्या डोक्याला ताप. त्यामुळे टेम्पोतून खुर्च्या उतरल्या की आधी आकड्याची फोड व्हायची. सुट्टीच्या दिवशी मीही बरोबर असायचे, आणि बाबा कोडं घालावं तसा मला आकडा घालायचे. साठ खुर्च्या असल्या तर ते दोनपासून सुरुवात करायचे, मी मुद्दाम पाचपासून. शेवटी दोघांच्या हातात तेच उरायचं : दोन, दोन, तीन, पाच.

"कुठनं पण फोड, तुकडे तेच," बाबा म्हणायचे, दर वेळी तेवढ्याच आनंदाने.

सत्त्याण्णव आले की मात्र कपाळाला हात. हट्टी आकडा, कशानेच भाग जात नाही. मग शहाण्णवच्या रांगा लागायच्या आणि उरलेली एक खुर्ची सगळ्यांत मागे ठेवून बाबा स्वतः तिच्यावर बसायचे. आमच्या परळच्या चाळीत जयंतीची कितीतरी भाषणं त्यांनी अशीच ऐकली.

एम.एस्सी.ला अमूर्त बीजगणित आलं आणि मला शिंगं फुटली. एका संध्याकाळी घरी येऊन मी जाहीर केलं, की पूर्णांकांत उणे पाचाचं वर्गमूळ मिसळलं की वेगळंच जग तयार होतं आणि तिथे सहा दोन तऱ्हांनी फुटतो. एकदा दोन गुणिले तीन, आणि एकदा भलतीच जोडी. त्यातला एकही तुकडा पुढे फुटत नाही.

बाबांनी ती जोडी माझ्याकडून कागदावर लिहून घेतली. जेवताना म्हणाले, "अजून फोडायला जागा असणार बघ. तुम्ही लोक मध्येच थांबलात."

"बाबा, हे सिद्ध झालंय. तुम्ही खुर्च्या लावा."

ते हसले. पण त्यानंतर त्यांनी मला कधी आकडा घातला नाही.

पुढच्या सत्रात आयडियल शिकवले. एकेकट्या संख्येऐवजी संख्यांचे खास संच घ्यायचे. ते घेतले की सहाच्या दोन्ही जोड्या आणखी फुटतात, आणि दोन्हीकडून तेच चार तुकडे निघतात. बाकावर बसल्या बसल्या मला बाबांचं जेवतानाचं वाक्य आठवलं. आम्ही खरंच मध्येच थांबलो होतो.

घरी जाऊन सांगायचं ठरवलं आणि सांगितलं नाही. आधी परीक्षा आडवी आली, मग नोकरी. खरं म्हणजे लाज वाटत होती. बाबा त्यानंतर दोन वर्षं होते. रोज समोर बसून जेवत होते.

आता दादरच्या एका कॉलेजात हा भाग मी दरवर्षी शिकवते. फळ्यावर ते चार तुकडे लिहिले की बाबांचं वाक्य म्हणते : कुठनं पण फोड, तुकडे तेच. मुलांना वाटतं, ते माझंच. बाबांनी एकदाच मला आकडा घालावा, असं फार वाटतं.

यंदा जयंतीला चाळीत गेले. खुर्च्या मोजल्या, एकशे एक. शंभरच्या दहा रांगा लावल्या आणि उरलेली सगळ्यांत मागे नेऊन ठेवली. भाषण सुरू झालं तरी ती रिकामीच होती. तिच्याशेजारी उभी राहून मी म्हटलं, "बाबा, तुमचं बरोबर होतं." माइकच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नाही.