बरं वाटत होतं म्हणून

दाजींचा फोन आला तेव्हा मी सुरतबाहेर कामरेजला, बँकेत काउंटरवर होते. "तुझी ताई बोलत नाहीये... नुसती बघतेय," एवढंच ते म्हणाले. मी सुरतेत, पर्वत पाटियाला त्यांच्या घरी पोचेपर्यंत तिला दवाखान्यात हलवलं होतं. भाकरी थापता थापता कोसळली होती. बोटांवर बाजरीचं पीठ तसंच वाळलेलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्यातून ती उठलीच नाही. आता दीड महिना होत आला. येणारे सगळे 'वेळ आली होती' म्हणून गेले. मला ते पटत नाही.

शोभाताई माझी थोरली बहीण. धुळ्याहून लग्न होऊन सुरतला आली आणि इथल्या मराठी शाळेत शिकवू लागली. मुलं बहुतेक कापडाच्या लूमवर राबणाऱ्यांची. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती आणि पुस्तकात तिसरीच भाषा. एखादं पोर गप्प बसलं की ती म्हणायची, "समजलं नाही ना? मग विचार. विचारायला लाज कसली?" नवागामच्या बाजारात मिशा फुटलेले गडी पिशव्या खाली ठेवून तिच्या पाया पडायचे.

निवृत्तीच्या सुमारास तिला ब्लड प्रेशरची गोळी लागली. नेमाने घ्यायची. पुढे पाय सुजू लागले, संध्याकाळी चपलेत मावेनात. डॉक्टरांना सांग, मी म्हटलं. "एवढ्याशासाठी? म्हणतील, बाई कुरकुऱ्या आहेत." आणि ही मुलांना विचारायला शिकवणारी बाई...

त्याच दिवसांत सोसायटीच्या गच्चीवर योगवर्ग सुरू झाला. घेणारे तिसऱ्या मजल्यावरचे एक काका, कापडाच्या धंद्यातून मोकळे झालेले. "बेन, गोळीनी तो आदत पडी जाय," त्यांनी ताईला सांगितलं. प्रेशरचं मशीन नॉर्मल दाखवतंय, मग गोळी हवी कशाला, असं त्यांचं म्हणणं. ताईने गोळी बंद केली. सूज उतरली. दाजी तर एका लग्नात पंगतीत सगळ्यांना कौतुकाने सांगत होते, हिने गोळी सोडली म्हणून. मी भांडले, तेव्हा ती घरच्या बोलीवर आली. "माले आते काहीच व्हत नही. तू काय डॉक्टर शे का?"

"ते काका तरी कुठे आहेत?" मी म्हटलं. ती हसली आणि चहा ठेवायला उठली. प्रेशर पुन्हा मोजून घेतलं नाही ते नाहीच.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गोळी का थांबवली? दाजी म्हणाले, "तिला बरं वाटत होतं."

"गोळी चालू होती म्हणूनच बरं होतं," डॉक्टर म्हणाले. "वाढलेलं प्रेशर बऱ्याचदा जाणवतच नाही. पाय त्या गोळीनेच सुजत असणार. एवढं सांगितलं असतं, तर औषध बदलून दिलं असतं." ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

तेराव्याला काका आले. पांढऱ्या कपड्यांत, हात जोडून. शोभाबेन पुण्यवान, म्हणाले, कुणाला सेवा करायला लावली नाही. दाजींनी त्यांना पाणी दिलं. मी आत निघून गेले... नाहीतर तोंडातून काय गेलं असतं कोण जाणे.

दाजी अजून ताईचा मोबाइल रोज चार्ज करून देवघराशेजारी ठेवतात. बंद करवत नाही, म्हणतात. परवा मी सकाळी तिथे होते. मोबाइल वाजला, तसे दाजी लगबगीने उठले, चष्मा शोधून लावला. योगवर्गाच्या ग्रुपवर काकांचा मेसेज होता. दुधीचा रस आणि गोळ्यांपासून कायमची सुटका. खाली सोसायटीतल्या बायकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली होती, आणि आणखी येत होती.