केनसाठी फॉर्ममध्ये जागा नव्हती

मंडळी, आज खरंच थकलेय.

आमच्या उपनगरात, क्वेकर्स हिलच्या हॉलमध्ये मी दर शनिवारी मोठ्या माणसांना इंग्रजी वाचायला शिकवते. वर्ग सरकारी अनुदानावर चालतो. माझा विद्यार्थी केन एकसष्ट वर्षांचा, इथेच जन्मलेला. आयुष्यभर ट्रक चालवला, घरातलं सगळं वाचणं बायकोकडे. आता तिला दिसत नाही.

आज त्याने तिच्या औषधाच्या बाटलीवरचं लेबल न अडखळता वाचलं. मग म्हणाला, "एवढ्यासाठीच येत होतो, मेट. आता नाही येणार."

मी खुशीत त्याचा फॉर्म उघडला. वर्ग सोडण्याचं कारण म्हणून तीनच पर्याय होते: नोकरी लागली, पुढचा कोर्स घेतला, अर्धवट सोडला. तिसरा निवडला की आमचं अनुदान कमी होतं. पण नोकरी लागली किंवा कोर्स घेतला असं खोटं कसं लिहिणार? तिसराच निवडला.

'इतर' असा पर्यायच नाही. कारण पॅरामॅटाच्या माझ्या आयटीच्या जॉबमध्ये, अनुदान देणाऱ्या सरकारी खात्यासाठी, हा फॉर्म मीच बनवला होता. 'इतर'मुळे रिपोर्ट नीट दिसत नाही, काढून टाकू, असं मीटिंगमध्ये मीच म्हटलं होतं.

ग्रुपमधले निम्मे आयटीवाले आहात. तुमच्या फॉर्ममधून तुम्ही कोणाकोणाला काढून टाकलंय?