तांबड्या थरातली ओल

बहात्तरच्या दुष्काळात भूगर्भशास्त्राची कोरी पदवी घेऊन मी नगरला नोकरीला लागलो. घोडेगावच्या बाजारात जनावरं यायची, पण घेणारं कुणी नव्हतं. विहीर कुठे खोल न्यायची आणि कुठे थांबायचं, हे दगड बघून सांगायचं, हे आमचं काम. गावं आमच्या तोंडाकडे बघत बसायची.

नेवाशाकडच्या एका विहिरीत काळ्या खडकाखाली तांबडा, मातट थर लागला आणि त्याला ओल दिसली. गावाने लगेच नारळ फोडला. मीही हरखलो, त्या साली ओल म्हणजे देवच! आमचे साहेब मात्र मुरूम वर ओढणाऱ्या यारीच्या पाटीत बसून खाली गेले, थराला बोट लावलं आणि वर येऊन म्हणाले, "सगळ्यांना बाहेर काढा. ही माती भिजली की वरचा खडक तिला पेलत नाही."

सरपंच भडकले. "पानी लागाया आलं अन् तुमी काम बंद करता व्हय?"

"करतो. आणि इथंच बसतो."

ही साहेबांची रीत. काम थांबवायचं आणि जीपमध्ये बसून निघून जायचं, याला ते पळपुटेपणा म्हणत. निरोप गेला तसे दुसऱ्या विहिरींवरचे आमचे थोरले सहकारी आले, काही न विचारता काठावर बसले आणि मला मध्ये घेतलं. गावाच्या शिव्या आम्ही वाटून खाल्ल्या.

दुपार कलली. विहिरीत कुणी नव्हतं, तरी आतून खडा पडल्याचा आवाज यायचा. मग शांत. मग पुन्हा.

एक मजूर उठला. "माजी पहार ऱ्हायलीय खाली. ह्यो गेलो अन् ह्यो आलो."

साहेबांनी त्याचं मनगट धरलं. "नवी घेऊन देतो. बस."

तो कुरकुरत बसला. थोड्या वेळाने विहिरीची समोरची बाजू यारीसकट आत गेली. धुरळ्यात कुणाला कुणी दिसेना.

पुढे मीही कित्येक विहिरी थांबवल्या, शिव्या खाल्ल्या, पण एकटं कधी बसावं लागलं नाही. त्या माणसांचे उपकार फिटायचे नाहीत. त्या दिवशी धुरळा बसला तेव्हा साहेबांच्या एका हातात मजुराचं मनगट होतं, दुसऱ्यात माझं. मला वाटलं, मीच थरथरतोय. थरथरत होते ते साहेब.