भासरे आणि ओसरीतला बोर्ड

आलापल्लीपासून सिरोंच्यापर्यंत भिंतीवर लावलेला असा एकही विजेचा बोर्ड नसेल, ज्याच्याशी माझे भासरे बोललेले नाहीत. माझ्याशी मात्र पहिली अकरा वर्षं ते एक अक्षर बोलले नाहीत. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यांनी धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही, तिनंही ते दिसले की डोक्यावर पदर घेऊन बाजूला व्हायचं, अशी आमच्याकडची जुनी रीत. बाकीच्या घरांतून ती केव्हाच सैल झाली. तिथले भासरे आता भावाच्या बायकोला खुशाल मोबाइलचं रिचार्ज मारायला सांगतात. आमच्या घरी ती टिकली, कारण आमचे भासरे नियमाचे पक्के. ते वीज ठेकेदार आहेत, आणि काहीही सैल सोडलं की कुठेतरी ठिणगी उडतेच, असं त्यांचं तारेपासून नात्यांपर्यंत सगळ्याच बाबतीत मत आहे.

लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात सासूबाई आणि जाऊबाई बाजाराला गेल्या असताना अंगणातून दोनदा खोकल्याचा आवाज आला. घरात शिरण्याआधी भासरे नेहमी दोनदा खोकतात. पहिला खोकला सूचना म्हणून, दुसरा खात्री म्हणून. सोबत दोन पाहुणे होते आणि आत निरोप न्यायला घरात कोणी नव्हतं. मी दाराआडून पाहिलं, तर ते ओसरीतल्या मेनबोर्डासमोर उभे राहून त्याला सांगत होते, "पाव्हणे आले हायेत. तीन कप चाहा लागन. एकात साखर नाई." मी चहा केला आणि तो कोणाच्या हाती द्यावा हे न कळून बोर्डाखालच्या स्टुलावर ठेवून आले. रिकामे कपही मला त्याच स्टुलावर मिळाले. तेव्हापासून आमचा सगळा व्यवहार त्या बोर्डामार्फत सुरू झाला. उद्या एटापल्लीला जायचंय, डबा लागेल, हे ते बोर्डाला सांगत. पीठ संपलंय, दळण आणावं लागेल, हे मी बोर्डाला सांगे. गावात नवीन आलेल्या पोस्टमननं एकदा हे सगळं ऐकलं आणि माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन, घरात दोघांनाही एकदमच त्रास सुरू झाला का, असं फार काळजीनं विचारलं.

भासऱ्यांचा बाकीचा वेळ जगातल्या अर्थिंगची काळजी करण्यात जातो. घराघरामागे अर्थिंगचा जो खड्डा असतो, त्यातली माती ओली असली तरच चुकार वीज निमूटपणे जमिनीत जाते, आणि आमच्याकडच्या मे महिन्यात ओलं राहणं माणसाच्या जिभेलाही जमत नाही. म्हणून ते कोणाच्याही घरी गेले की आधी मागच्या बाजूला जातात, खड्ड्यात तांब्याभर पाणी ओततात आणि मग पुढच्या दारानं येऊन रामराम करतात. सिरोंच्याला एका लग्नात तर नवरदेवाचे पाय धुण्यासाठी भरून ठेवलेली घागरच नाहीशी झाली. मुलीकडच्या बायका तेलुगूतून एकमेकींवर चिडल्या, मुलाकडच्यांना ते आपल्यालाच वाटलं, आणि सोयरीक मोडायच्या बेतात आलेली असताना आमचे भासरे रिकामी घागर घेऊन घरामागून आले आणि शांतपणे म्हणाले की आता मांडवातल्या लाइटिंगला कोणी बिनधास्त हात लावावा.

लग्नात त्यांचा आहेर ठरलेला असतो, तो म्हणजे टेस्टर. नवी नवरी परक्या घरी जाते, तिथली माणसं कशी आहेत हे कळायला वेळ लागतो, निदान भिंतीत करंट उतरलाय की नाही हे तरी तिला पहिल्या दिवशी कळावं, अशी त्यामागची भावना. माझाही टेस्टर सासूबाईंच्या हातून, हळदकुंकू लावून, मला मिळाला होता. भासऱ्यांच्या मोटरसायकलला मागे कायम एक सागवानी पाट बांधलेला असतो. पायाखाली वाळलेलं लाकूड असल्याशिवाय ते कुठल्याही बोर्डाला हात लावत नाहीत. हा पाट मुळात जाऊबाईंच्या लग्नातल्या जोडीपैकी एक आहे, आणि त्यामुळे सणावाराला भासरे पाटावर आणि जाऊबाई पेपरावर, अशी आमच्याकडे पंगत बसते.

असा हा माणूस कशाला घाबरेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण एका उन्हाळ्यात त्यांना एक पत्र आलं. ठेकेदारीसाठी त्यांच्याकडे सुपरवायझरचं सर्टिफिकेट आहे. ते दर काही वर्षांनी नवं करून घ्यावं लागतं. आजवर फॉर्म भरला, फोटो चिकटवला, की काम व्हायचं. या वेळी पत्रात लिहिलं होतं की चंद्रपूरला तीन दिवसांचा उजळणी वर्ग करावा लागेल आणि शेवटच्या दिवशी तोंडी परीक्षा द्यावी लागेल. नापास झाल्यास पुढच्या वर्गापर्यंत थांबायचं, आणि तोवर कुठल्याही कामाच्या टेस्ट रिपोर्टवर सही करायची नाही. भासऱ्यांनी पत्र तीनदा वाचलं आणि जेवले नाहीत. जंगलातल्या एका गावात बायकांच्या गटाची छोटी धानगिरणी उभी राहत होती, तिची सगळी वायरिंग त्यांनी स्वतः केली होती. आता दुसरा कोणी येऊन त्या कामाखाली सही करणार, ही कल्पना त्यांना सहन होईना. काम त्यांच्या हातात होतं. तोंडात ते कधीच नव्हतं. काही समजावून सांगायची वेळ आली की ते पक्कड उचलून करूनच दाखवत.

जाऊबाई माझ्याकडे आल्या. मी शाळेत विज्ञान शिकवते, हे त्यांच्या दृष्टीनं पुरेसं होतं. "बाई, तूच घे ह्यायची शिकवणी," त्या म्हणाल्या, "नाई तं हा माणूस वाळून जाईन."

मग रोज संध्याकाळी आमच्या ओसरीत शाळा भरू लागली. भासरे सागवानी पाटावर, बोर्डाकडे तोंड करून. मी आतल्या दाराशी, पदर घेऊन, हातात पुस्तक. मी प्रश्न बोर्डाला विचारायची, ते उत्तर बोर्डाला द्यायचे. उत्तर चुकलं तर मी बोर्डाला सांगायची की पुन्हा विचार करायला सांग. ते बोर्डाला सांगायचे की एवढ्या घाईनं विचारू नको म्हणावं. जुन्या फ्यूजच्या तारेपासून नव्या सोलर पॅनेलपर्यंत आम्ही पोचलो, तोवर त्या बोर्डाचाही निम्मा अभ्यास झाला असावा. एकच अडचण होती. आमच्याकडे लाइट जाण्याला काळवेळ नाही, आणि लाइट गेली की भासरे उत्तर अर्ध्यावर सोडून पाट उचलायचे. "बोर्ड बंद हाय," एवढंच अंधाराला सांगून निघून जायचे. बंद बोर्डाशी काय बोलणार, हा त्यांचा मुद्दा मला खोडता आला नाही.

शिकवणी माझी होती, पण शिकत कोण होतं हे सांगणं कठीण आहे. एकदा मी पुस्तकातला अर्थिंगचा धडा वाचून दाखवला, तर ते बोर्डाला म्हणाले, "हे पुस्तकातलं झालं. बाईनं खड्डा पाह्यला हाय का, विचार." मी पाहिला नव्हता. इतकी वर्षं तो धडा शिकवून वर मुलांना त्यावर प्रश्नही विचारले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरामागे गेले. तिथे बोर्ड नव्हता, म्हणून त्यांनी विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरला कोळसा, मीठ, माती आणि पाणी यांचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. माझ्या बारा यत्तांत आणि पदवीच्या तीन वर्षांत इतकं सोपं मला कोणी सांगितलेलं नाही.

परीक्षेच्या दिवशी भासऱ्यांना जाऊबाई सोबत हव्या होत्या आणि जाऊबाईंना मी. चंद्रपूरला एका भाड्याच्या हॉलमध्ये परीक्षा होती. उकाड्यामुळे दार उघडंच होतं, आणि आम्ही दोघी दाराबाहेरच्या बाकावर बसलो होतो. परीक्षा घ्यायला माझ्याच वयाच्या एक मॅडम होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला आणि भासरे गप्प. दुसऱ्यांदा विचारला, तरी गप्प. जाऊबाईंनी माझा हात घट्ट धरला. एवढ्या महिन्यांत भासऱ्यांना बाईच्या आवाजात प्रश्न आणि बोर्डाकडे उत्तर, हीच सवय लागली होती. शेवटी ते उठले, खुर्ची उचलली, भिंतीवरच्या बोर्डासमोर नेऊन ठेवली आणि मॅडमकडे पाठ करून धडाधड उत्तर दिलं. मॅडम थोडा वेळ त्यांच्या पाठीकडे पाहत राहिल्या. मग बहुधा उत्तर बरोबर असल्यामुळे त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. तेही बरोबर. चौथ्या प्रश्नापर्यंत त्या स्वतःही बोर्डाकडे पाहून विचारू लागल्या.

शेवटचा प्रश्न राहिला होता. एक माणूस तारेला चिकटलाय, तुम्ही तिथे एकटे आहात, पहिलं काय कराल, असं मॅडमनी विचारलं, आणि पंखा थांबला. लाइट गेली.

भासरे खुर्चीत तसेच बसून राहिले. मला आतून कळत होतं की आता हा माणूस खुर्ची उचलून निघून जाणार. मॅडमनी घड्याळ पाहिलं. बाहेर आणखी माणसं थांबली होती. या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर पास करता येणार नाही, असं त्या अगदी हळू, वाईट वाटून म्हणाल्या.  भासऱ्यांचे हात मात्र मांडीवर हलत होते. काय करायचं ते हातांना पाठ होतं.

मी केव्हा उठले आणि माझा पदर कुठे होता, ते मला खरंच आठवत नाही. मी दारात उभी होते.

"बोर्ड बंद हाय, भाऊजी," मी म्हणाले. "आता मले सांगा."

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घाबरलेल्या मुलासारखे त्यांचे डोळे होते. मग ते सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखे, बोलू लागले. "त्याले आधी हात नाई लावाचा, बाई. किती बी जीव तुटला तरी नाई लावाचा. आधी मेन बंद कराचं. मेन दूर असन तं वाळल्या लाकडावर उभं राहाचं, आन् वाळल्या लाकडानंच तार दूर कराची. आन् लाइट गेली म्हणून तार मेली असं बी नाई समजाचं. ते कवा वापस येईन, कोणाले सांगता येत नाई."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. ही शेवटची गोष्ट आज कोणीच सांगितली नव्हती, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांनी सही केली. जाऊबाई बाकावर बसून हसत होत्या आणि रडतही होत्या. परतीच्या बसमध्ये भासरे दोन ओळी पुढे बसून खिडकीबाहेर पाहत होते.

धानगिरणी त्यांच्याच सहीनं सुरू झाली. पहिल्या तांदळाची पिशवी घरी आली, ती त्यांनी बोर्डाखालच्या स्टुलावर ठेवली आणि बोर्डाला म्हणाले, "मास्तरीण बाईचा हिस्सा हाय म्हणा." पुढच्याच आठवड्यात त्यांनी इन्व्हर्टर आणून ओसरीतल्या बोर्डाला जोडला. आता लाइट गेली तरी बोर्ड बंद पडत नाही. टक् असा आवाज होतो आणि सगळं पूर्ववत चालू राहतं. घरात सगळ्यांना फार आनंद झाला. मलाही झाला, पण कधी संध्याकाळी बाहेर सगळी गल्ली अंधारात गेली आणि आमचा बोर्ड तेवढा उजळलेला दिसला, की मला जरा चुटपूट लागे. त्यांचं थेट माझ्याशी बोलणं ऐकायला मिळालं ते एकदाच, आणि तेही परीक्षेच्या गडबडीत.

यंदा पुन्हा सर्टिफिकेट नवं करायची वेळ आली आहे. भासऱ्यांचे केस पांढरे झालेत, शिडी चढताना एक हात गुडघ्यावर जातो. या खेपेनंतर फॉर्म भरायचा नाही, असं परवा ते बोर्डाला सांगत होते, आणि दाराआड मला गलबलून आलं. काल शिकवणीचा पहिला दिवस होता. मी पुस्तक उघडलं, पहिला प्रश्न वाचला, आणि लाइट गेली. मी टक् आवाजाची वाट पाहिली. आवाज आला नाही. आता ते पाट उचलतील म्हणून मी पुस्तक मिटलं.

अंधारातून दोनदा खोकल्याचा आवाज आला.

"विचार बाई," भासरे म्हणाले. "सांगून राह्यलो मी."

मी एकामागून एक सात प्रश्न विचारले. सातही उत्तरं बरोबर आली. आली नसती तरी मी बरोबरच म्हटलं असतं. मग लाइट आली, त्यांनी लगेच बोर्डाकडे तोंड फिरवलं आणि मी पदर सावरला. ते गेल्यावर मी इन्व्हर्टर पाहिला, तर त्याचं बटण कोणीतरी बंद करून ठेवलेलं होतं. आमच्या घरात त्या बटणाला भासऱ्यांशिवाय कोणी हात लावत नाही. मीही लावला नाही.