पावण्याचो बांध

रंकाळा स्टँडवरनं गगनबावड्याची गाडी धरली की कोल्हापूरचा माणूस निम्मा कोकणात पोचला म्हणून समजा. नातीनं हा ब्लॉग काढून दिल्यापासून बरेच जण विचारतात, आजोबा, खाडी बघायला कुठं जावं? रस्ता सांगतो की. पण आधी मी तिथं काय करून ठेवलं ते ऐका, मग खुशाल जावा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी बंधाऱ्यांच्या कामावर मिस्त्री होतो. थोरली बहीण अक्का विजयदुर्गाच्या अलीकडं, खाडीकाठच्या एका गावात दिलेली. मोठा दुष्काळ सरला त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा तिच्याकडं गेलतो. गावाच्या कडेनं खाडीचा एक फाटा आत शिरलेला. भरतीला पाणी, ओहोटीला नुसता चिखल, आणि त्यात तिवरांची, म्हणजे खारफुटीची, गचपण झाडी. माझा जीव वर-खाली व्हायला लागला. एवढी जागा फुकट घालवायची म्हणजे काय? गावच्या सभेत उठलो आणि ठोकून दिलं, "फाट्याच्या तोंडाला बांध घाला की! खारं पाणी भायेर, भात आत. आमच्याकडं बंधाऱ्याच्या जिवावर लोकांनी ऊस काढलाय!"

कोल्हापूरचा बंधारा म्हटल्यावर बोलायचं कुणी? गाव श्रमदानाला उठलं. चार दिवसांची रजा मी आठ दिवसांची केली आणि स्वतः दोरी धरून आखणी करून दिली. आडवी आली ती एकटी शेवंतीमावशी. ओहोटीला चिखलात बसून तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, वेचायच्या आणि त्या विकून घर चालवायचं, हे तिचं काम. कमरेपर्यंत चिखलानं माखलेली तशीच सभेत आली नि म्हणाली, "पावण्यानू, पाण्याक वाट ठेवा. हो चिखल आमचा शेत आसा."

मी हसलो. सगळ्यांदेखत म्हणालो, "मावशी, चिखलातनं काय सोनं निघतंय व्हय?" सभाही हसली. त्याच दुपारी तिनंच दिलेल्या तिसऱ्यांचं ओल्या नारळातलं सुकं मी अक्काकडं बोटं चाटत खाल्लं होतं.

मग सहाएक वर्षं जाणं झालं नाही. अक्काच्या नव्या घराची वास्तुशांत निघाली तेव्हा मी तालमीतल्या दत्तूला बरोबर घेतलं. कशाला? बांध दाखवायला! मे संपत आलेला. गगनबावड्याला गाडी थांबते तिथं गरम भजी आणि चहा घ्यावा, पण बेतानं, कारण पुढं घाटाची वळणं पोट ढवळून काढतात. खिशात लिंबू ठेवा. दत्तूनं ठेवलं नव्हतं, त्यानं भजी घाटाला अर्पण केली. तशा अवस्थेतही मी त्याला बांधाची उंची सांगत होतो.

"गप की रं बाळ्या," तो म्हणाला, "गाडीपरास तूच जास्त हलवाय लागलाईस."

वैभववाडी गेली, तळेरं गेलं, हवा दमट झाली. शेवटच्या उतारावर कंडक्टर ओरडला, "पावण्याचो बांध! कोण आसा?"

माझी छाती अशी फुगली म्हणता! "ऐकलंस का दत्तू? माझ्या नावचा ष्टॉप हाय की!" पुढच्या बाकावरचा एक म्हातारा वळला. मला नीट न्याहाळून म्हणाला, "तुमीच काय ते पावणे?" मी दिमाखात व्हय म्हणालो. निम्मी गाडी खुदकन हसली. मला वाटलं, कौतुकानं.

जेवताना अक्काला म्हटलं, त्या तिसऱ्यांचं सुकं कर की. तिनं वाढता हात थांबवला. "आता हितं मिळत न्हाईत बाळू. लांबच्या खाडीवरनं आणाव्या लागतात." मग हळूच म्हणाली, "बांध बघून ये जा. एकटाच जा."

दत्तू आलाच. बांध जागेवर होता, माझ्या दोरीबरहुकूम सरळ. आत मात्र काही नव्हतं. पहिली दोन-तीन वर्षं थोडं भात आलं होतं, मग मातीतनं मीठ वर आलं. भेगाळलेल्या जमिनीवर पांढरी साय आणि तीत उभी तिवरं, वाळून काळी पडलेली. पूर्वी भरतीबरोबर माशांची बारीक पिल्लं आत येऊन मुळांच्या आडोशाला वाढायची, चिंबोऱ्या बिळं करायच्या, लांब वाकड्या चोचीचे पक्षी थव्यानं उतरायचे. त्या पक्ष्यांचं नावसुद्धा मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. आता फक्त दोन कावळे होते. बाहेरच्या मोठ्या खाडीतल्या जाळ्यांतही मासे कमी झाले होते, कारण पिल्लं वाढायची जागाच मी बंद केली होती.

शेवंतीमावशी बांधावरनंच येत होती, डोक्यावर पाटी, हाताला फोड. चिऱ्याच्या खाणीवर मजुरीला जात होती. थांबली. "इलात? बघा तुमचो बांध."

मी वाकून बांधाची माती उगाच चाचपली.

"उद्या सभा आसा," ती म्हणाली. "आम्ही म्हणतंव फोडा. दोन घरां म्हणतत, मिस्त्रीन आखलेलो, तो चुकीचो कसो? माझा कोण ऐकता? तुमचा ऐकतले. उभे रवा आणि सांगा, चुकलंय म्हणान. येवडाच."

"बघू की, मावशी," मी म्हणालो.

काय बघणार होतो? रात्री अक्कानं सांगितलं की गावात कुणी न विचारता शहाणपणा शिकवायला लागला की लोक म्हणतात, इलो मोठो पावणो! गाडीतलं हसू तेव्हा कळलं. कान तापले. उद्या त्याच सभेत, तिच्याचसमोर उभं राहायचं? नको रे बाबा. ऑफिसात तातडीचं काम आहे असं खोटं सांगून सकाळच्या पहिल्या गाडीनं निघालो. अक्का स्टॉपवर सोडायला आली आणि गाडी सुटायच्या आधीच माघारी वळली.

घाट चढून गाडी गगनबावड्याला थांबली, तरी दत्तू भज्यांना उतरला नाही. मग म्हणाला, "चितपट झाला असतास तर वाईट वाटलं नसतं. तू आखाड्यातच उतरला न्हाईस लेका."

आठवड्यानं पंचगंगेवर पावसाआधीचं काम लागलं. बंधाऱ्याच्या फळ्या, ज्यांना आम्ही बर्गे म्हणतो, त्या दरवर्षी तेव्हा काढून ठेवतात. नदीला वाट द्यायची असते. आयुष्यभर मी हे काम केलं. माणसं बर्गे ओढत होती, पाणी धाडधाड सुटत होतं आणि मी काठावर खाली मान घालून उभा होतो. माझ्या त्या बांधात काढायला एक फळीसुद्धा मी ठेवली नव्हती. पाण्याक वाट ठेवा, असं ती म्हणाली होती. मिस्त्री मी होतो, आणि शहाणी ती होती.

पत्र लिहायला बसलो, फाडलं. असं किती वेळा केलं ते विचारू नका. काही वर्षांनी अक्काचंच पत्र आलं. गावानं शेवटपर्यंत न फोडलेला बांध श्रावणातल्या उधाणानं फोडला. पाणी आत आलं, गाव बघायला लोटलं. शेवंतीमावशी मात्र त्याआधीच गाव सोडून रत्नागिरीला लेकीकडं गेली होती, लोकांची धुणीभांडी करायला. ती परत आली नाही.

तर आता रस्ता. वैभववाडी, तळेरं, आणि पुढं कंडक्टरकडं पावण्याचो बांध म्हणून तिकीट मागा, अजून तेच नाव आहे. ओहोटीची वेळ विचारून जावा. बांध शोधू नका. तिवरं परत फुटलीत, चिखलात बायका तिसऱ्या वेचताना दिसतील. त्यांच्याकडनंच घ्या, घासाघीस करू नका, आणि कृपा करून त्यांना काही शिकवू नका.

एवढं लिहिलं, पण सभेत जे बोलायचं होतं ते अजून राहिलंच आहे. ऐकायला हवी होती ती आता नाही. मावशी, मी चुकलो.