हरलेल्या पैलवानांचा ब्लॉग

आमच्या घरधन्यांना कुस्तीचं लय याड, पण स्वतः जन्मात कधी लांग बांधून मातीत उतरले न्हाईत. नाव रायगोंडा पाटील, सांगलीजवळ ऊस आणि हळद, आणि अंगकाठी अशी की हळदीचं पोतं हलवायचं म्हटलं तर आधी मला हाक मारणार.

जत्रांचा हंगाम लागला की यांची फटफटी दारात थांबत न्हाई. आज कराडकडं, उद्या कोरेगावकडं. मैदान बघायचं, घरी यायचं आणि ब्लॉग लिवायचा. लिवायचा म्हणजे हे सोप्यात येरझाऱ्या घालत बोलणार आणि मी मोबाईलवर टाइप करणार. का, तर यांचं बोट एवढं जाड की एक अक्षर दाबलं की शेजारची दोन बी उठून येतात.

आता गंमत ऐका. मैदानातली मोठी कुस्ती लागते दिवस मावळायच्या टायमाला. आणि आमी जैन, दिवस मावळल्यावर तोंडात घास घालत न्हाई. मग हे त्याच्या आधीच जेवायला घरी पळणार. एवढं कुस्तीचं याड, पण मोठी कुस्ती यांनी धड कधी बघितलीच न्हाई! यांच्या वाट्याला दुपारच्या बारक्या कुस्त्या. चार जोड्या एकाच वेळी धरलेल्या, कुणाचा मोबाईल वर न्हाई, कुणाचं ध्यान न्हाई. हे मात्र डोळे फाडून बघत बसणार.

ब्लॉगचं नाव 'पाठ टेकली'. जिंकणाऱ्याला एक ओळ, पडलेल्याला पानभर. पाय कुठं चुकला, नजर कुठं गेली, समदं. आणि खोटं एक अक्षर लिवायचं न्हाई.

पहिली काही वर्षं वाचणारी मी एकटी, ती बी टाइप करताना. मी वैतागून म्हणायचे, "आवं, ह्यापरीस म्हशीला वाचून दाखवा, ती मान तरी हलवंल!"

हे म्हणायचे, "लिव गं. पडलेला माणूस कवातरी शोधत येतोय."

आणि आले की! कोरेगावकडच्या एका आईचा फोन आला, "माझ्या पोराचं नाव कुठंच छापून आलं न्हाई. तुमी छापलं, पडल्याचं का असंना." मग फौजेतली पोरं वाचाय लागली. तालमीतनं वस्ताद मोठ्यानं वाचून घ्याय लागले. आता तर मैदानात पोरं एकमेकाला ओरडत्यात, "नीट पड रं गड्या, पाटील बघतोय!"

असं समदं झकास चाललं असताना आमच्या गावची जत्रा आली आणि माझ्या भावाचं पोरगं मैदानात उतरलं. पोराचं नाव अतिशय चौगुले. कराडला इंजिनिअरिंगला शिकतंय आणि तिथल्याच तालमीत घुमतंय. त्याचं हे पहिलं मैदान. आमच्याकडं बायका मैदानात जात न्हाईत, म्हणून मी शाळेच्या गच्चीवर. सलामी झाली, शिट्टी वाजली, आणि डोळ्याचं पातं लवतंय तवर पोरगं चीत!

भूपाल, म्हणजे माझा भाऊ, समद्यांना सांगत सुटला, "माती ओली होती, पाय घसरला." आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "अक्का, दाजींना सांग, ह्ये लिवायचं न्हाई. लिवलं तर माझ्या उंबऱ्याला पाय लावू नको."

बाई माझ्या, माहेर एकच असतंय! घरी येऊन यांना सांगितलं, "मी टाइप करणार न्हाई. काय करायचं ते करा."

यांनी मोबाईल घेतला आणि कोपऱ्यात बसून स्वतःच दाबत राहिले. बऱ्याच वेळानं मी हळूच डोकावले. एवढ्या वेळात लिवलं होतं इतकंच: 'अतिशय पडला. कसा पडला ते दिसलं न्हाई. मी डोळे मिटले होते.'

मला आधी हसू आलं आणि मग रडूच फुटलं. गावोगावच्या पोरांचं पडणं उन्हातान्हात बघणारा माणूस, आणि घरचं पोरगं पडताना डोळे मिटून बसला!

तेवढ्यात अतिशयचाच फोन. "आत्ती, मामांनी लिवलं का? बाबा म्हणत्यात घसरलास, दोस्त म्हणत्यात भ्यालास. मला काय कळलंच न्हाई, एकदम आभाळ दिसलं. भ्यालो असलो तर सोडतो मी कुस्ती."

मला गच्चीवरनं स्वच्छ दिसलं होतं. पंच होते लालासाहेब, त्याच्या वस्तादांचे वस्ताद. शिट्टी वाजली आणि पोराच्या ध्यानात आलं, लालासाहेबांच्या पाया पडायचं राहिलं. आणि वाकलं की येडं भर कुस्तीत! समोरच्या शिवतेजनं आयती कंबर धरली आणि उलथवलं. आमच्या भूपालच्या घरचं वळणच तसं. परीक्षेला जाताना बी हे पोरगं आळीतल्या समद्या म्हाताऱ्यांच्या पाया पडत निघतंय, त्यापायी त्याची एसटी चुकलेली हाय.

पोराला फोनवर काही सांगितलं न्हाई. यांच्या हातातनं मोबाईल ओढून घेतला आणि कुणी न सांगता समदं टाइप केलं. शेवटाला लिवलं, 'पोरगं भ्यालं न्हाई. वाकलं.'

लोकांनी वाचलं, हसले, एकमेकाला पाठवलं. भूपालचा फोन मात्र बंद झाला. मी बी केला न्हाई. पण भाकरी थापताना आठवण यायची आणि तव्यावरची करपायची.

त्यानंतर कराडच्या अंगाला एक मैदान होतं. आता मी बी यांच्या मागं बसून जाते, बाहेर उसाच्या ट्रॉलीवर चढून बघते. लालासाहेबच पंच. त्यांनी कर्ण्यातनं हाळी दिली, "अतिशय चौगुले, आधी पाया पडून घे रं, मग शिट्टी मारतो!"

मैदान खो खो हसलं. पोरगं लाजून लाल झालं, पाया पडलं आणि मग जे भिडलं! घामानं चिंब झालं तरी सोडंना. शेवटी पडलंच, पण ह्या वेळी समोरच्याला बी उठायला दुसऱ्यानं हात द्यावा लागला.

घरी पोचून जेवून हात धुतोय तवर फोन वाजला. भूपाल!

"अक्का, पोरगं पडलं."

"बघितलं."

"मग अजून आलं न्हाई व्हय? आमी समदी सोप्यात मोबाईल घेऊन बसलोय. किती वाट बघायची माणसानं?"

माझा हुंदका त्याला ऐकू जाऊ नये म्हणून मी फोन पदरात धरला आणि यांना ओरडले, "आवं, चला, बोलाय लागा! माझ्या माहेरची वाट बघत्यात!"

हे खाली मान घालून म्हणाले, "तूच लिव गं. मी आज बी डोळे मिटले होते."